‘स्ट्रट’ : ताठा आणि ताठ मान

इंग्रजीत ऐटीच्या चालण्याला अनेक क्रियापदे आहेत. त्यांपैकी ‘स्ट्रट’ या क्रियापदाचा इतिहास विशेष बोधप्रद होय; कारण मुळात त्याचा चालण्याशी संबंधच नव्हता. प्राचीन इंग्रजीत ‘स्ट्रूटिअन’ म्हणजे ताठ उभे राहणे, फुगून बाहेर येणे. चौदाव्या शतकात चॉसरने ‘मिलरची कथा’ या काव्यात ॲब्सोलोन नावाच्या छानछोकी तरुणाचे पंख्यासारखे पसरलेले केस वर्णिताना हेच क्रियापद योजले आहे. तेथे केस फुलले आहेत. पाय अद्याप हललेले नाहीत. सोळाव्या शतकात हा फुगारा पायांत उतरला आणि छाती काढून तोऱ्यात चालणे हा अर्थ रूढ झाला. पिसारा फुलवून फिरणाऱ्या मोराला हा शब्द लावतात, तेव्हा फुगणे व चालणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

शब्दाला उपहासाची खरी धार मिळाली ती रंगभूमीवर. ‘हॅम्लेट’, ‘ट्रॉयलस आणि क्रेसिडा’ व ‘मॅक्बेथ’ या तिन्ही नाटकांत शेक्सपिअर हा शब्द नटालाच लावतो. हॅम्लेट आक्रस्ताळ्या नटांची निर्भर्त्सना करतो. मॅक्बेथला तर अवघे जीवनच घटकाभर मिरवून नाहीशा होणाऱ्या नटासारखे भासते. शेक्सपिअर स्वतः नट होता, हे येथे विसरता येत नाही. त्याच काळी प्रचारात आलेला ‘स्वॅगर’ हा शब्द दांडगाईकडे झुकतो. ‘स्ट्रट’ला दांडगाईची गरज नाही, प्रेक्षकाची मात्र आहे. पाहणारा कोणी नसेल तर हे चालणे व्यर्थ होय.

परंतु ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाच्या आरंभीच्या स्वगतात हाच शब्द निराळ्या व्यथेने येतो. रिचर्डच्या व्यंग देहाला स्त्रीसमोर ऐटीने मिरवण्याचे भाग्य नाही, आणि तो सल त्याच्या क्रौर्याच्या मुळाशी आहे. ऐट ही पोकळ असेल. पण ती ज्याला नाकारली गेली त्याला ती पोकळ वाटत नाही.

हे सत्य अमेरिकेत सामाजिक पातळीवर प्रकटले. पूर्वीच्या गुलामांच्या कुटुंबांतून चालत आलेल्या आठवणींनुसार, दक्षिणेकडील मळ्यांवरचे कृष्णवर्णीय गुलाम गोऱ्या धन्यांच्या भारदस्त नृत्याची नक्कल करीत. धनी ती पाहून हसत, आणि आपलीच थट्टा चालली आहे हे त्यांना उमगत नसे. या नृत्याला पुढे ‘केकवॉक’ हे नाव मिळाले. ‘स्ट्रट’ ही त्याची चाल होती. काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी रंगमंचावर त्या नकलेचीही नक्कल केली. तरीही शब्द टिकला, आणि त्याचा अर्थ पालटला. 1927 साली लुई आर्मस्ट्राँगच्या वाद्यवृंदाने शिकागोत ध्वनिमुद्रित केलेल्या, लिल हार्डिन आर्मस्ट्राँगच्या नावे असलेल्या एका प्रसिद्ध रचनेच्या शीर्षकातच हा शब्द आहे. तेथे निंदेचा लवलेश नाही, निखळ उल्हास आहे. ज्यांना मान खाली घालून चालावयास लावले होते, त्यांनी मान वर करून चालणे हा गर्व कसा म्हणावा?

मराठीत आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’पर्यंत शेक्सपिअरच्या शोकांतिकांची दीर्घ परंपरा आहे. अशा अनुवादकाला ‘स्ट्रट’पुढे एकच प्रतिशब्द पुरत नाही. ‘डौल’ म्हटले तर पोकळपणा निसटतो. ‘तोरा’ म्हटले तर उल्हास निसटतो. ‘मिरवणे’ अधिक जवळचे, कारण त्यात आत्मप्रदर्शन आहे, आणि मिरवणुकीतला गौरवही आहे. पण मूळ धातूतील ताठपणा मराठीने दोन वाटांनी जपला आहे : ‘ताठा’ हा दोष, ‘ताठ मान’ हा गुण. एकाच शब्दाच्या या दोन लेकरांतला भेद अवयवाच्या ठेवणीत नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. म्हणून प्रतिशब्द निवडण्यापूर्वी अनुवादकाने विचारावयाचा प्रश्न हा की, चालतो आहे कोण, आणि त्याला पाहून हसतो आहे कोण.