काळी, पांढरी आणि कौल : हिंगोलीच्या बोलीतील जुने शब्द

जुने शब्द टिकवावेत असे म्हणणे सोपे आहे, पण कोणते आणि कशासाठी, हा प्रश्न पुढे आला की चर्चा बहुधा हळहळीवर थांबते. हिंगोली जिल्हा या प्रश्नाची परीक्षा घेण्यास योग्य आहे. परभणीतून तो 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. जिल्हा म्हणून तो नवा असला, तरी त्याची भाषा अनेक राजवटींचे थर अंगावर बाळगून आहे. नामदेवांचे मानले जाणारे नरसी गाव येथलेच. विसोबा खेचरांच्या आठवणीने पावन झालेले औंढा नागनाथही येथलेच. पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला, हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी पडली, आणि सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतरच संस्थानी अंमल संपला. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात.

या इतिहासामुळे येथे कारभाराची परिभाषा पुणे-साताऱ्याहून वेगळी घडली. तिकडे मामलतदार आणि तलाठी, इकडे तहसीलदार आणि पटवारी. तिकडे कलेक्टर, इकडे अव्वल तालुकेदार. 1880 नंतरच्या दशकात संस्थानात फारसीच्या जागी उर्दू आली, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात स्थापन झाले, आणि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा दस्त त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिला जाऊ लागला. तेव्हा हे शब्द केवळ गोड आठवण म्हणून जपावेत असे कोणी म्हणू लागला, तर त्याला या अन्यायाची आठवण करून द्यावी लागेल.

परकीय शब्दांविषयीची अस्वस्थता आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांचे उदाहरण तर फार बोलके आहे. 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या या कवीनेच 1938 साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारसीचे ऋण ज्याने सर्वांत बारकाईने मोजले, त्यालाच ते फेडावेसे वाटले. तरीही ऋणाची मोजणी ठरवून करता येते, बोलीची घडण मात्र तशी होत नाही. 1604 साली संकलित झालेल्या ग्रंथसाहिबात नामदेवांच्या नावावर जे पद आहे, त्यात मनाला शिंप्याच्या गजाची आणि जिभेला कातरीची उपमा दिली आहे. हा ‘गज’ फारसी आहे. भक्तीला तो परका वाटला नाही, कारण तो शिंप्याच्या हातातला होता.

माझ्या मते खरा भेद येथेच आहे. काही शब्द कचेरीने लादले आणि कचेरीबरोबर गेले. काही शब्द रयतेने आपल्या कामाला लावले, ते राहिले. ‘कौल’ हा त्यांतला सर्वांत सुंदर. मूळ अरबी अर्थ वचन, बोल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला सरकार कौलनामा देई: सुरुवातीला सारा कमी, पुढे इस्ताव्याने वाढत जाणारा. म्हणजे राज्यकर्त्याने रयतेला दिलेला शब्द. तोच शब्द पुढे देवळात गेला आणि देव कौल देऊ लागला. आज निवडणुकीनंतर वृत्तपत्रे जनतेचा कौल छापतात. देणारा आणि घेणारा यांची जागा पूर्ण उलटली आहे. एवढी राज्यशास्त्रीय क्रांती एका दोन अक्षरी शब्दात साठलेली असताना त्याला ‘जनादेश’ हा पर्याय अचूक असला, तरी पोरका वाटतो. ‘तगाई’चेही तसेच. त्या शब्दाच्या मुळाशी बळ देण्याची कल्पना आहे. ‘कर्ज’ म्हटल्यावर ती उरत नाही.

दुसरा गट कोणत्याही राजवटीचा नाही. तो मातीचा आहे. गावाची वस्ती ती पांढरी, शेताची जमीन ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) गावाची जी मांडणी दिसते, तिचा पायाच या दोन रंगांवर आहे. ‘वापसा’ हा शब्द घ्या. पावसानंतर जादा पाणी निचरून, ओल आणि हवा यांचा मेळ बसून जमीन औताजोगी होते, त्या अवस्थेचे हे नाव. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांतही तो सुखाने नांदतो, कारण शास्त्राला हवी ती नेमकी छटा त्यात आधीच आहे. वसमतच्या हळदीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पिकाच्या शब्दसंपत्तीत ‘जेठे गड्डे’ आहेत, आणि त्या ‘जेठ्या’त संस्कृतातला ज्येष्ठ अजून घरचा वडीलधारा म्हणून बसला आहे. हळद शिजवण्याची काहील मात्र वाफेच्या कुकरपुढे मागे पडते आहे. वस्तू गेली तर शब्द जाणारच. त्याचा शोक करू नये.

मात्र वस्तू गेली तरी शब्द राखावा लागतो, अशीही एक जागा आहे. ‘बलुतं’ ही व्यवस्था मोडलीच पाहिजे होती. पण दया पवारांनी 1978 साली तो शब्द आत्मकथनाच्या शीर्षस्थानी ठेवला, म्हणून त्या व्यवस्थेला विसरण्याची सोय उरली नाही. शब्द जपणे म्हणजे प्रथा जपणे नव्हे. कधी कधी ते साक्ष जपणे असते.

ही साक्ष किती व्यवहारी असू शकते, हे मराठवाड्याने नुकतेच पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली. मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची गरज त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानात आली. ‘खासरा’, ‘सेतवार’, ‘फसली’ हे शब्द ज्याला कळत नाहीत, त्याला आपल्याच आजोबांच्या जमिनीचा कागद मुका आहे. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा आहे. त्यात 590 मिळवायचे हे ठाऊक नसलेला विद्यार्थी त्याला चौदाव्या शतकात नेऊन बसवील. प्रत्यक्षात तो 1907-08 चा आहे.

म्हणून जुन्या शब्दांची निवड करताना तीन गोष्टी विचाराव्यात. या शब्दाने दाखवलेला भेद नव्या शब्दाने दिसतो का? हा शब्द गेला तर कोणता कागद वाचता येईनासा होईल? आणि याच्याबरोबर कोणाचे कष्ट किंवा कोणाचा अपमान विसरला जाईल? दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड (1932-38) ग्रंथालयांत आहेत, मोल्सवर्थही आहे. पण कोशात शब्द सुरक्षित असतो, वापरात नसतो. मराठीच्या वर्गात एखादा कौलनामा किंवा खासरा पत्रक पाठ्यवेच्याइतक्या आदराने वाचले गेले, तर शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही घरी जाऊन वडीलधाऱ्यांना काही शब्दांचे अर्थ विचारावे लागतील. ते सांगू शकणारी पिढी आता फार मोठी उरलेली नाही.