भांडाराचे कुलूप

आमच्या एका देवस्थानाच्या महाजनसभेत नुकताच भांडाराच्या दाराचा विषय निघाला. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले लोखंडी कुलूप काढून त्याच्या जागी बोटाचा ठसा ओळखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवावे, अशी सूचना तरुण मंडळींनी मांडली. वडीलधाऱ्यांनी विरोध केला. त्या विरोधात सवयीखेरीज दुसरे कारण आढळेना आणि सूचनेतही नावीन्याखेरीज फारसे काही दिसेना. आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून सभेने आमचा अभिप्राय मागितला. देवाचे अलंकार आपण केवळ सांभाळतो, ते आपले नव्हेत. तेव्हा मत देण्यापूर्वी कुलपांचा इतिहास चाळून पाहणे आम्हांस उचित वाटले.

अभेद्य कुलपाचा दावा काही आजचा नाही. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले. पुढे लंडनमधील त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून, ते उघडणारे साधन घडवील त्याला २०० गिनींचे बक्षीस जाहीर करण्यात आले. कित्येक दशके ते बक्षीस कोणास मिळाले नाही. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनास आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने प्रथम चब यांचे नामांकित कुलूप अवघ्या २५ मिनिटांत उघडले. नंतर ब्रामाचे कुलूपही त्याने उघडले. मात्र त्यासाठी १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खर्ची पडले. अशा चर्चेने चोरांना शिक्षण मिळते, अशी ओरड तेव्हा झाली. त्यावर १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलूपविद्येच्या एका ग्रंथात चोख उत्तर दिले आहे: चोरांना त्यांची विद्या आधीच अवगत असते; दोष झाकल्याने अंधारात राहतो तो केवळ प्रामाणिक मनुष्य.

चब यांच्या कुलपात मात्र एक गुण असा होता, की तो पराभवानंतरही टिकला. १८१८ सालच्या या रचनेत परक्या साधनाने चाळवाचाळव होताच आतील एक पट्टी अडकून बसे. मग खरी किल्लीही नेहमीप्रमाणे चालत नसे आणि कोणीतरी हात घातला हे मालकास कळे. चोरास अडविणे हे कुलपाचे एक काम. घडलेल्या गोष्टीची साक्ष देणे हे दुसरे. वकिलास या दुसऱ्या कामाचे मोल अधिक वाटले, तर नवल नाही.

इलेक्ट्रॉनिक कुलपांचे खरे गुण याच परंपरेतील आहेत. नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी १९७० नंतरच्या दशकात हॉटेलांसाठी ३२ छिद्रांच्या जागा असलेल्या प्लास्टिकच्या कार्डाचे कुलूप तयार केले. प्रत्येक जागी छिद्र असणे वा नसणे या हिशेबाने चार अब्जांहून अधिक भिन्न किल्ल्या संभवतात. प्रत्येक पाहुण्यास नवी किल्ली देता येऊ लागल्याने हरवलेल्या किल्लीचे भय संपले. पुढील काळातील अनेक कुलपे तर कोणत्या किल्लीने दार केव्हा उघडले, याची नोंदही ठेवू लागली.

आता दुसरी बाजू. २०१२ साली लास व्हेगास येथील एका परिषदेत कोडी ब्रोशियस या तरुण तंत्रज्ञाने अल्प किमतीच्या घरगुती उपकरणाने हॉटेलांत सर्रास वापरले जाणारे एक इलेक्ट्रॉनिक कुलूप उघडून दाखविले. हॉब्सची विद्या त्याच्या बोटांत होती. ती दुसऱ्यास सहज घेता येत नव्हती. ब्रोशियसची युक्ती मात्र उपकरणात होती; ते कोणासही बनविता येई आणि त्याच जातीच्या लाखो दारांस लावता येई. बोटाच्या ठशाचेही तसेच. जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ साली जिलेटीनच्या बनावट बोटांनी ठसा ओळखणारी अनेक यंत्रे फसविली. किल्ली चोरीस गेली तर कुलूप बदलता येते. ठसा चोरीस गेला तर बोट बदलता येत नाही. शिवाय अभिषेकाच्या पाण्याने आणि तेला-चंदनाने माखलेले पुजाऱ्याचे बोट, कोकणपट्टीतील पावसाळी दमट हवा आणि ऐन उत्सवात संपणारी बॅटरी यांचाही विचार करावयास हवा.

याचा अर्थ जुने लोखंड निर्धास्त, असा नव्हे. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराची पाहणी करण्यास एप्रिल २०१८ मध्ये पथक गेले, तेव्हा आतील दालनाची किल्लीच सापडली नाही. अखेर १४ जुलै २०२४ रोजी जवळच्या किल्ल्यांनी कुलपे उघडेनात, म्हणून ती तोडावी लागली. तेथे कुलपाने दगा दिला नव्हता; किल्ली सांभाळण्याची शिस्त ढळली होती. ही शिस्त कशी असावी, याचा एक दाखला इंग्लंडच्या चर्चच्या १६०३ च्या नियमांत आहे. नोंदवह्यांच्या पेटीस तीन कुलपे लावावीत, एक किल्ली धर्मोपदेशकाकडे व उरलेल्या दोन दोघा विश्वस्तांकडे वेगवेगळ्या असाव्यात, म्हणजे कोणा एकट्यास पेटी उघडता येऊ नये, असा तो नियम होता.

म्हणून आमचा अभिप्राय असा: नवे कुलूप बसविण्यास हरकत नाही, पण चार अटींवर. दोघा स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या ओळखीवाचून ते उघडू नये. त्यातील नोंद दरमहा सभेपुढे वाचली जावी. दोष आढळल्यास तो कोणी, किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने दुरुस्त करावयाचा, हे विक्रेत्याने लेखी द्यावे. आणि बॅटरी संपल्यास उपयोगी पडणारी साधी किल्ली मोहोरबंद ठेवून तिची नोंदवहीतील दाखल्यासह दरवर्षी तपासणी व्हावी.

सभेने निर्णय पुढील बैठकीवर ठेवला आहे. विक्रेत्याची माहितीपत्रके सर्वांनी आवडीने पाहिली. जुन्या कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी दुसरी सध्या कोणाकडे आहे, या आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही.