खानदेशचे भिल्ल : दप्तरातले आणि गावातले

मेहरूणच्या तलावावर सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या जळगावकरास तेथील बोरांची गोडी सांगता येते; परंतु ज्या भूमीवर आपण वावरतो तिच्या अतिप्राचीन रहिवाशांचा वृत्तांत विचारल्यास तो बहुधा निरुत्तर होतो. खानदेशातील कितीतरी गावांच्या कडेस भिलाटी असते. तेथील माणसे आपल्या शेतात राबतात. तथापि त्यांनाही इतिहास आहे, ही गोष्ट आपल्या मनात क्वचितच येते. जो इतिहास उपलब्ध आहे, तोही मुख्यतः त्यांच्याशी लढणाऱ्यांनीच लिहिलेला होय.

सातपुडा व सातमाळा यांच्या घाटवाटा राखणे हा भिल्लांचा जुना हक्क होता. वाटसरूंच्या सुरक्षिततेबद्दल व गावच्या जागलीबद्दल त्यांस ठरीव हक्क मिळत. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी होळकर-शिंद्यांचे कलह, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि 1803-04 चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. गावेच ओस पडल्यावर हक्क कोण देणार? राखणदार डोंगरात शिरला व लूटमार करू लागला. 1818 साली इंग्रजी अंमल आला तेव्हा पहिले पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज यांस जे भिल्ल दिसले ते या अवस्थेतले. दप्तरात त्यांची नोंद ‘लुटारू’ म्हणून झाली. मागचा राखणदार त्या नोंदीत आला नाही.

शिक्षा व फौजा यांनी काम भागेना, तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत 1825 साली निराळे धोरण अवलंबिले गेले. लेफ्टनंट जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांत मिसळून, त्यांच्याबरोबर शिकार करून, त्यांचीच एक पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. दुसरीकडे एजंट नेमून भिल्लांस जमिनी, बैल व तगाई देण्यात आली. या धोरणाची इंग्रज ग्रंथकारांनी फार स्तुती केली आहे, व ती सर्वस्वी खोटी नाही. मात्र ज्याला त्यांनी ‘सुधारणा’ म्हटले, ते पुष्कळ अंशी हिरावलेल्या कामाची परतफेडच होती.

ही परतफेड पुरी पडली नाही, याचा पुरावा सेंधव्याच्या घाटात मिळतो. त्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा कंपनी सरकारचाच नोकर. 1857 साली तोच बंड करून उठला व त्याने सरकारी खजिना लुटला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यातील आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. पुढे 1860 साली खाज्या मारला गेला. सत्तावन सालाविषयी आपण झाशी व कानपूर यांची नावे घेतो. आंबापाणी आपल्या घराजवळचे असूनही आपणांस परके राहिले.

त्यानंतरचा पराभव बंदुकीचा नव्हता, कागदाचा होता. 1878 च्या वनकायद्याने जंगल सरकारी झाले. कपाशीचे पीक व सावकाराचे खाते वाढले, तशी पुष्कळांची जमीन गेली आणि मालक सालदार झाला. याविरुद्ध 1971-72 च्या सुमारास शहादे भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजूर संघटित झाले. वनातील वहिवाटीचा हक्क कायद्याने मान्य होण्यास मात्र 2006 साल उजाडावे लागले.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात चिकाहोमिनी नावाचे मूळ रहिवासी आहेत. 1614 साली त्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांशी तह केला. पुढे जमीन गमावली. 1924 च्या एका कायद्याने तर माणसाची नोंद गोरा किंवा काळा एवढीच करावी असे ठरले, आणि ‘इंडियन’ ही ओळखच दप्तरातून पुसली जाऊ लागली. तरी आपली मंडळी व देवळे त्यांनी टिकविली. 1983 साली प्रांताने व 2018 साली संयुक्त संस्थानांच्या सरकारने त्यांस मान्यता दिली. त्यांचे नावच खोडले गेले. भिल्लांचे नाव राहिले, पण त्याला आरोप चिकटला. दोहोंकडे माणसे मात्र कागदाहून चिवट ठरली.

2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील भिल्लांची संख्या सुमारे 26 लक्ष भरली. यावल-रावेरकडील मुसलमान तडवी हेही भिल्लच. एकलव्यास पूर्वज मानणारे भिल्लही याच मातीतले. त्यांत आज शिक्षक आहेत, शिपाई आहेत, ऊसतोडीसाठी दरसाल घर सोडणारेही आहेत. वृद्धांच्या स्मरणात घाटांची, नाईकांची व हक्कांची जी हकीकत शिल्लक असेल ती त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत उतरून घेणे, हे आपल्या महाविद्यालयांचे पहिले कर्तव्य आहे. वृद्ध फार काळ थांबत नाहीत. आणि ते गेल्यावर आपल्याजवळ ब्रिग्ज-औट्रम यांचे दप्तर तेवढे उरेल.