एकाच लेन्सवर प्रवास

'प्रवासाला एकच लेन्स न्यायची तर कोणती?' हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. ३५ मिमी फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली १९५९ साली: फोक्टलेंडरची झूमार, ३६ ते ८२ मिमी. रचना फ्रँक बॅक यांची. पण अख्खं देऊळ आणि त्याचा कळस, दोन्ही टिपणारी आटोपशीर लेन्स यायला १९९२ उजाडलं. ती टॅमरॉनची २८-२००. गंमत म्हणजे दोन मीटरच्या आतलं तिला नीट दिसतच नसे. चाळिशीच लागलेली म्हणा ना!

२००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ने कॅमेऱ्यातला आरसाच काढून टाकला. पुढे भिंगाने वाकवलेल्या रेषा कॅमेराच सरळ करू लागला.

२०२० मध्ये दोन लेन्स आल्या. सोनी कॅमेऱ्यांसाठी टॅमरॉनची नवी २८-२००, वजन ५७५ ग्रॅम. निकॉन झेडसाठी २४-२००, ५७० ग्रॅम. खांद्याला फरक नाही. वाड्याच्या अरुंद चौकात मात्र ते चार मिमी फार मोलाचे. उलट रुंद टोकाला टॅमरॉन एफ/२.८, निकॉन एफ/४. म्हणजे टॅमरॉनला दुप्पट उजेड. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, तेव्हा हा हिशेब महत्त्वाचा. पण हाताचा कंप सावरायची सोय निकॉनच्या लेन्समध्येच आहे. टॅमरॉनने ते काम कॅमेऱ्यावर सोडलंय. भिंतीवरची चित्रं काही हलत नाहीत, हलतो तो माझा हात. म्हणून मी निकॉनच्या बाजूचा.

सूनबाई टॅमरॉन म्हणते. तिला पळती नातवंडं टिपायची असतात.