दोघांचा वाद्यमेळ आणि जुन्या गवयांचें ऋण

ऋण घेणें निराळें आणि तें चारचौघांत मान्य करणें निराळें. अमेरिकेंतील रॉक संगीत दक्षिणेकडील कृष्णवर्णीय गवयांच्या ‘ब्लूज’ गीतांवर पोसलें. परंतु त्या गवयांचीं नांवें पुष्कळदां पडद्याआडच राहिलीं. अशा स्थितींत जून २००० मध्यें निघालेला ‘दे स्टाइल’ हा गीतसंग्रह त्याच्या अर्पणपत्रिकेमुळेंच लक्ष वेधून घेतो. तींत दोन नांवें शेजारीं आलीं आहेत. एक जॉर्जियाचा अंध गवई ब्लाइंड विली मॅक्टेल याचें; दुसरें हॉलंडचा वास्तुशिल्पज्ञ गेरिट रीटफेल्ड याचें.

डेट्रॉईट शहरीं १९९७ सालीं जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट यांनीं ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या नांवानें गायनवादन सुरू केलें. जॅक गाई व गिटार वाजवी; मेग ड्रमवर ताल धरी. खर्जाचा आधार देणारी बेस गिटार त्यांच्यांत नव्हती. हा संग्रहहि त्यांनीं जॅकच्या राहत्या घरांतच आठ पदरी ध्वनिफितीवर उतरविला.

या काटकसरीला कलेचा आधार होता. ‘दे स्टाइल’ म्हणजे ‘शैली’. याच नांवाचें मासिक थिओ व्हान डूसबुर्ग यानें १९१७ सालीं हॉलंडांत काढलें. मोंद्रियान, रीटफेल्ड प्रभृति कलावंतांनीं आडव्या-उभ्या सरळ रेषा व तांबडा, पिवळा, निळा हे मूळ रंग, आणि काळा, पांढरा व करडा, एवढ्यावरच भागविलें. व्हाइटद्वयानें तांबडा, पांढरा व काळा हे तीनच रंग पत्करले आणि संगीतांतहि स्वर, शब्द व ताल यांपलीकडे फारसें कांहीं ठेविलें नाहीं.

या संग्रहांतील ‘डेथ लेटर’ हें गीत सन हाउस याचें. प्रियेच्या मृत्यूची वार्ता देणारें पत्र हा त्याचा विषय. विचित्रवीणेवर कांचेचा गोटा फिरवावा, तशी गिटारच्या तारांवर नळी घसरवून तो स्वराला विलक्षण आर्तता आणी. तारुण्यांत धर्मोपदेशक असलेल्या या गवयाच्या १९३० सालच्या तबकड्या मंदीच्या दिवसांत फारशा खपल्या नाहींत. पुढें त्यानें रेल्वेंत नोकरी धरली व गाणें सोडलें. १९६४ सालीं कांहीं तरुण रसिकांनीं त्याला रॉचेस्टर येथें शोधून काढलें, तेव्हां तो पुन्हां गाऊं लागला. १९८८ सालीं त्याचें देहावसान झालें, तें डेट्रॉईटमध्येंच. बारा वर्षांनीं त्याच शहरांतील दोन तरुणांनीं त्याचें गीत पुन्हां ऐकविलें.

मॅक्टेल बारा तारांची गिटार वाजवीत असे. १९५९ सालीं तो वारला, तेव्हां जगाला त्याची विशेष ओळख नव्हती. संग्रहाचें शेवटचें गीत त्याचेंच आहे. आणि तें संपतांच जॉन लोमॅक्स यांनीं १९४० सालीं घेतलेल्या त्याच्या मुलाखतीचा एक तुकडा ऐकूं येतो.

गोऱ्या तरुणांनीं ही दुःखगीतें गावीं काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो अस्थानीं नाहीं. ज्या जीवनांतून हीं गीतें उमललीं, तें जीवन त्यांनीं भोगलें नव्हतें. कदाचित् म्हणूनच शेवटचा शब्द त्यांनीं स्वतःकडे ठेविला नाहीं. २०११ सालीं हा वाद्यमेळ विसर्जित झाला. परंतु संग्रह ऐकणाऱ्याच्या कानीं अखेरीस उरतो तो त्या अंध गवयाचाच आवाज. ऋण फिटत नसतें. तें कोणाचें, एवढें सांगतां आलें तरी पुष्कळ झालें.