अक्कलदाढ काढणे

अक्कलदाढ काढणे : जबड्याच्या चारही टोकांना सर्वांत शेवटी, साधारणपणे १७ ते २५ या वयात येणारी तिसरी दाढ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. दाढ सरळ उगवलेली असेल तर काम काही मिनिटांचे असते. आडवी रुतलेली असेल तर हिरडी उघडावी लागते, हाड कोरावे लागते आणि पुढचा आठवडा जपावे लागते. जगभरात सुमारे पाचातल्या एकाला यातली एखादी तरी दाढ मुळात तयारच होत नाही.

नावातला ‘अक्कल’ मुळात अरबी. अरबीतही ती अकलेचीच दाढ आहे, लॅटिनमध्येही शहाणपणाचा दात, आणि मराठवाड्यातल्या निलंग्याहून फार दूर नसलेल्या तेलुगू मुलखात ज्ञानदंत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता म्हणून हा शब्द उर्दूतून इकडेच रुजला, असे कोणी म्हणेल. पण तो पुण्या-कोकणातही हाच आहे. जपानी भाषेतल्या नावाचा अर्थ ‘आईबापाला न कळलेली’ असा होतो. ज्या वयात ती येते, त्या वयात आईबापाला न कळलेले बरेच काही तोंडात असते, हे पुढे येईलच.

दुखणे जुने आहे. सुश्रुतसंहितेत ‘अधिमांसक’ नावाचा विकार सांगितला आहे : जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना, लाळ गळणे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचे झाकण राहते, त्याखाली अन्न साचून ते पिकते, त्या आजच्या दुखण्याशी हे वर्णन तंतोतंत जुळते. वाढलेले मांस कापून मधात कालवलेली चूर्णे लावावीत, असा तिथला उपचार आहे. ते झाकण कापणे आजही काही रुग्णांत पुरते.

रुतलेल्या दाढेची वर्गवारी विंटर यांनी १९२६ मध्ये दाढेच्या कलावरून केली : पुढे झुकलेली, मागे झुकलेली, उभी, आडवी. दंतवैद्य आजही त्याच भाषेत बोलतात. मात्र रुतलेली प्रत्येक दाढ काढावी असे नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सल्ला दिला, की काहीच त्रास न देणारी रुतलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार पिकणे, शेजारच्या दाढेला कीड लागणे, गाठ होणे ही मात्र काढण्याची खरी कारणे आहेत. सूज चढलेली असताना सहसा आधी साफसफाई व औषधे, आणि ठणका उतरल्यावर शस्त्रक्रिया.

सरळ आलेली दाढ तालुक्याच्या गावीही निघते. आडवी असेल तर निलंगेकराला सुमारे ५० किलोमीटरवरचे लातूर गाठावे लागते. तिथे दंत महाविद्यालय आहे, नांदेडलाही आहे. आधी दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढतात. खालच्या दाढेची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या किती जवळ आहेत, ते त्यात दिसते. मग इंजेक्शनने तेवढी बाजू बधिर करतात. दाढ अखंड निघत नसेल तर तिचे तुकडे करून काढतात, टाके घालतात आणि अर्धा-पाऊण तास कापडाचा बोळा चावून धरायला सांगतात.

मराठवाड्यात या शस्त्रक्रियेला एक वेगळी अडचण आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा दोरीसारखी ताठर होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडात दोन जाणेही मुश्कील. शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोचवायचे कसे, हा प्रश्न तिथे पडतो. शस्त्रक्रियेनंतर कुणाचाही जबडा आवळतो, पण इतरांचा आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो.

नंतरच्या सूचनांत सर्वांत अवघड ठरते ती : थुंकू नका. काढलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याच आधाराने जखम भरते. थुंकल्याने, जोरात चूळ भरल्याने किंवा स्ट्रॉने ओढून प्यायल्याने ती निसटते. मग उघड्या पडलेल्या हाडातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते, तोंडाला घाण वास येतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. त्यानंतर ती उतरायला हवी. पण त्याच सुमारास ठणका उलट वाढत गेला, तर गुठळी गेली असे समजून डॉक्टरकडे जावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त घडते. आयुष्यभर तंबाखूची पिंक टाकलेल्याला लाळ गिळायला सांगणे म्हणजे शिक्षाच. पण पहिले २४ तास तेवढे तरी पाळावेच लागते. दुखऱ्या जागी तंबाखूची चिमूट दाबून ठेवण्याचा घरगुती इलाज या जखमेवर तर घातकच.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. खाण्यात गार ताक, दहीभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, तुरीच्या वरणाचे कोमट पाणी. गाड्यावरचा तिखट निलंगा राईस, शेंगदाण्याची चटणी आणि हंगाम असेल तर हुरडा, हे सगळे लांबच ठेवायचे. टाके साधारण आठवड्याने काढतात. ओठ किंवा जीभ बधिर राहिली तर ती बहुधा काही आठवड्या-महिन्यांत पूर्ववत होते. क्वचित कायमची राहते.

वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज खेड्यात अजून आहे. डोळ्याने पाहण्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ काढण्याचा नजरेशी संबंध नाही. या भीतीने कित्येक जण पू होईपर्यंत लवंगेच्या तेलावर दिवस काढतात.

हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आत हाड भरायला काही महिने लागतात. तोवर खड्ड्यात ज्वारीची कणी हमखास अडकते; ती काडीने किंवा टाचणीने कोरू नये, जेवणानंतर पाण्याने धुऊन काढावी.