मिरचीच्या पानांतील फ्लॅव्होनॉइडे

मिरचीच्या (कॅप्सिकम ॲन्युम, कुल सोलॅनेसी) पानांत आढळणारी बहुफिनॉल वर्गातील संयुगे. ल्युटिओलिन व एपिजेनिन ही त्यांतील महत्त्वाची होत. पानात ती बहुधा शर्करेशी जोडलेल्या ग्लायकोसाइड रूपात असतात. अशी संयुगे अतिनील किरण शोषून पानाचे रक्षण करतात. तिखटपणा आणणारे कॅप्सायसिन मुख्यतः फळाच्या आतील पांढऱ्या शिरांत तयार होत असल्याने पानांची भाजी करता येते. कोरियात कोवळी पाने उकडून, घट्ट पिळून तिळाच्या तेलात कालवतात. फिलिपीन्समध्ये ती ‘तिनोला’ या कोंबडीच्या सुपात घालतात.

इतिहास : मिरची आणि फ्लॅव्होनॉइडे यांचा संबंध जुना आहे. हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी व इश्त्वान रुस्न्याक यांनी १९३६ मध्ये लाल मिरची व लिंबातील या संयुगांना ‘प जीवनसत्त्व’ म्हटले. ती जीवनसत्त्वे ठरत नाहीत हे दिसल्यावर ते नाव मागे पडले.

हाडांवरील क्रिया : हाड सतत झिजते आणि नव्याने भरून निघते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात, तर अस्थिजनक पेशी नवे घडवतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की ‘रँक-एल’ या प्रथिनाचा संदेश बळावतो, अस्थिभक्षक पेशी वाढतात आणि हाडे ठिसूळ होतात. ल्युटिओलिनमुळे या संदेशाला मिळणारा प्रतिसाद मंदावतो व अस्थिभक्षक पेशी कमी तयार होतात, असे पेशीसंवर्धनात दिसले आहे. अंडाशय काढलेल्या उंदरांतही त्याने हाडांची झीज कमी केली. एपिजेनिनचे प्राण्यांवरील निष्कर्षही याच दिशेचे आहेत.

मर्यादा : खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडांचे आतडे व यकृतात झपाट्याने रूपांतर होते, त्यामुळे मूळ संयुग रक्तात फारच थोडे उरते. प्रयोगशाळेतील यश माणसात उतरेलच असे नाही. इप्रिफ्लॅव्होन हे याच कुळातील कृत्रिम संयुग आरंभी आशादायक वाटले होते. परंतु ४७४ स्त्रियांवरील चाचणीत (२००१) त्याने हाडांची झीज रोखली नाही, उलट काहींच्या रक्तातील लसिका पेशी घटल्या.

म्हणून मिरचीची पाने ही पालेभाजी आहे, ठिसूळ हाडांवरचे औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेले उपचार तिच्या भरवशावर थांबवू नयेत. मिरचीवर कीटकनाशकांची फवारणी वरचेवर होते, त्यामुळे खाण्यासाठी फवारणी न केलेल्या रोपांचीच पाने घ्यावीत.